काचेची थरथर

आयुष्यभर काचेवर संशोधन केलं, त्यामुळे कुठल्याही लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "काच हळूहळू वाहते म्हणे?" नाही हो वाहत! काच घनच. फक्त तिच्यातले अणू मिठाच्या खड्यातल्यासारखे रांगेत नसतात. दिवाळीआधी लक्ष्मी रोडवर माणसं अडकतात ना, तसे जिथे सापडले तिथे. रांगेतले अणूही हलतात, पण या गर्दीची थरथर बेशिस्त. ती मोजणं ही माझी नोकरी.

ह्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. "दिवसभर काच, घरी पुन्हा हातात काच!" खडकीहून कामावरून आले की हे ठरलेलं. प्रयोगशाळेत मला बांगड्या काढून ठेवाव्या लागत. कधी तिथेच विसरून आले, तर हेच स्वयंपाकघरात डोकावायचे, "आज अबोला का? काही वाजत नाहीये."

ते गेले आणि दिवसकार्य संपायच्या आत वन्सं म्हणाल्या, आता बांगड्या उतरव. मी म्हटलं, "वन्सं, जन्मल्यापासून घालतेय. तुमच्या भावाने नव्हत्या दिल्या." तोंड फिरवून बसल्या. बसू देत! पण काचच ती. वर्षभरात एकेक करून गेल्या. परवा शेवटची गेली आणि घर असं खायला उठलं की मला राहवेना. तो आवाज मला परत हवा होता, बस.

शनिवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या बांगडीवाल्या चाचांकडे गेले. त्यांना ह्यांचं कळलेलं होतं. त्यांनी न विचारता तपकिरी बांगड्या पुढे केल्या.

"हिरव्या दाखवा," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

चाचांनी मान खाली घालून हिरव्या काढल्या, बोटांवर अडकवून एकमेकींवर वाजवून पाहिल्या. चिरलेली असली तर बद्द वाजते. सगळ्या खणखणीत होत्या. मग माझा हात दाबून त्यांनी त्या हलकेच चढवल्या. मी हात हलवला. अगदी तोच आवाज. आणि मान आपोआप रस्त्याकडे वळली.

स्कूटर चालूच ठेवून "अगं, झालं का? मामा पावती फाडेल!" म्हणून खेकसणारं माणूस तिथे नव्हतं.

"घट्ट झाल्या का, ताई?" चाचांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि भर दुकानात रडले.