कपाळावरचा चष्मा

बोईसरच्या आमच्या बायबल-वाचन गटात सालवडचे एक अंकल यायचे. त्यांचा चष्मा एरवी कपाळावर असायचा. दोन सदरे असणाऱ्यानं एक द्यावा, असलं काही वाचनात आलं, की तो झटकन नाकावर उतरायचा. मग बारीक तळटिपांवर बोट फिरवत ते बजावायचे, "आपण कॅथलिक. शब्दशः घ्यायचं नसतं, चर्च शिकवतं तो भावार्थ घ्यायचा." भावार्थ घेऊन घेऊन त्यांचे सगळे सदरे कपाटातच राहिले.

एकदा वाचन त्यांच्याच घरी होतं. बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, हा उतारा आला. चष्मा हलला नाही. "यात कसला भावार्थ? लिहिलंय तसंच!" म्हणत त्यांनी आत हाक मारली, "चहा आण गं!"

बायको हात पुसत आली आणि तिनंच तो चष्मा त्यांच्या नाकावर ओढला.

"खाली बारीक टीप हाय, ती वाचा. मंग चाय तुमीच ठेवा."