हरणाऱ्याचं मत

झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या कागदांचा ढीग कधी कमी होत नाही. एक बाजू कोरी असते, म्हणून फेकवत नाही. आमच्या डाव मंडळाच्या किश्शांचं तसंच झालंय. एक काढला की त्याच्याखालून दुसरा निघतो, आणि तिकडं गिऱ्हाईक ओरडत राहतं, "ओ ताई, आधारकार्ड दोन्ही साईडनं मारा!"

मारते बाबा, थांब. आधी माणसं सांगते.

सेलूत एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही चौघं जमतो. भुजंग सर, गणिताचे, आता रिटायर. राहतात चुडाव्याला. पॅसेंजरनं येतात आणि पॅसेंजरनंच जातात. दुसऱ्या नजमा आपा, त्याही रिटायर, नर्स होत्या. तिसरे विष्णूमहाराज, आमच्या गल्लीतले भटजी. आणि चौथी मी, सुनीता. पत्ते, सोंगट्या, पट, जे हाताला लागंल ते खेळायचं. पैसे लावायचे नाहीत, पण भांडायला पूर्ण परवानगी. आणि वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आमचा पुरस्कार असतो. वर्षातला सगळ्यात भारी गेम कोणता, त्याचा!

हसू नका. लय सिरियस काम असतंय ते.

* * *

पुरस्कार सुरू झाला तो भांडणातून. मेंढीकोट भारी का बदाम सात भारी, यावरनं आपा आणि महाराज असे पेटले की चहा थंड झाला. शेवटी भुजंग सरांनी डस्टर आपटावं तसा हात आपटला.

"गप बसा! जिंकणाऱ्याला काय विचारायचं? जिंकणाऱ्याला सापशिडीबी ग्रेट वाटती. मत हरणाऱ्याचं धरायचं. हरल्यावर कुणी न सांगता त्यानं आपल्या हातानं पुन्हा डाव मांडला, तर गेम पास. उठून गेला, तर नापास."

"आन ज्यानं गेम आणला त्यो?" महाराजांनी विचारलं.

"त्यानं लांब बसायचं. हात लावायचा न्हाई, तोंड उघडायचं न्हाई."

आपा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मंग सुनीता तर पहिल्याच मिनिटाला बाद!"

पण नियम ठरला तो ठरला. आजपर्यंत त्यात काना-मात्रा बदललेला नाही.

* * *

बक्षीस काय द्यायचं? ट्रॉफीला धूळ बसते. शाल कुणालाच नको होती. शेवटी आपांनी शेजारच्या सुताराकडनं एक सागवानी पाट करून आणला. खाली पितळी फुलं, वर पॉलिश. ठरलं असं की बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं आणि ज्याचा गेम जिंकला त्यानं वर्षभर या पाटावर!

पहिल्याच वर्षी जिंकले विष्णूमहाराज. घरातला जुना कवड्यांचा पट घेऊन आले होते, आणि हरलेल्या आपांनी लागोपाठ मांडत मांडत दिवेलागण केली. टाळ्या झाल्या. मी पाट पुसून पुढं ठेवला. महाराज हात जोडून मागंच सरकले.

"माफ करा. आठवडाभर लोकांच्या घरी पाटावरच बसतो मी. पाय आखडून गेलेत. रविवारी तरी मला सतरंजीवर पसरू द्या की!"

त्या वर्षी पाटावर बिस्किटांचा डबा बसला.

* * *

एका वर्षी सरांचा पुण्याचा पुतण्या मोठा खोका घेऊन आला. बाहेरच्या देशातला गेम! रंगीत लाकडी घरं, जाड पत्ते, चकचकीत पुठ्ठा. नियमांचं पुस्तक मात्र इंग्रजीत, आणि ते आमच्या पंचांगापेक्षा जाड.

पुतण्या समजावून सांगायला लागला. "आता तुमच्याकडं मेंढ्या आहेत, तुम्हाला विटा हव्यात. मेंढी द्या, वीट घ्या."

आपांनी पत्ते खाली ठेवले. "या अल्ला! एक मेंढी देऊन एक वीट? कोण्या भट्टीवर असा भाव चालू हाय, सांग. मी आत्ता मेंढी घेऊन जाते!"

तरी खेळले बिचारे. पुतण्या मधे मधे "नाही नाही, ते असं नसतं" म्हणत राहिला. शेवटी डाव संपला म्हणे. संपला हेही त्यानंच सांगितलं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आमच्या नियमानं हरणाऱ्यानं पुन्हा मांडायचं होतं. सर खोकले आणि म्हणाले, "मांडतो की. पण आधी हरलंय कोण, ते तर सांगा!"

पुतण्याला धड सांगता येईना. त्यानं पुन्हा पुस्तक उघडलं. तोवर महाराजांचा डोळा लागला होता.

* * *

पत्त्यांमध्ये आपांचा हात धरणारं कुणी नाही. त्यातल्या त्यात चॅलेंज. पत्ते उलटे टाकायचे, खोटं बोलायचं, आणि दुसऱ्यानं ते पकडायचं. आमच्यातल्या एकाचंही खोटं आपांपुढं टिकत नाही. महाराज तर एकदा डोळे मिटून, शांत चेहऱ्यानं म्हणाले, "तीन राण्या."

"चॅलेंज!" आपा म्हणाल्या. उघडलं तर एक दुर्री, एक पंजा, एक गुलाम.

"कसं वळखलं हो आपा? मी तर नाव घेत होतो देवाचं."

"महाराज, आख्खी नोकरी मी लोकाला सुया टोचल्यात. 'मी न्हाई घाबरत' म्हणणारा कोण आन खरंच न घाबरणारा कोण, ते मला दारातूनच कळतंय. तुमी दारातूनच घाबरलेले होता."

त्या वर्षी चॅलेंजला पुरस्कार मिळाला, आपा पाटावर बसल्या. कशा बसल्या म्हणता? तहसीलदार बसल्यागत! पाणीसुद्धा हाक मारून मागायच्या.

* * *

आता माझं सांगते. स्पष्टच सांगते, मला तो पाट पायजे होता.

हसायचं तर हसा. मला आयुष्यात बक्षीस म्हणून काय मिळालं? शाळेत रांगोळीत उत्तेजनार्थ. वक्तृत्वात उत्तेजनार्थ. लग्नानंतर हळदीकुंकवाच्या उखाण्यातसुद्धा उत्तेजनार्थ! पयला नंबर कसा लागतो, ते मला एकदा बघायचं होतं. म्हणून दरवर्षी मी स्वतः गेम बनवते. पुठ्ठा माझा, लॅमिनेशन माझं, डोकं माझं.

पहिला बनवला 'अर्ज'. खेळणाऱ्यानं एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जायचं. फासा चुकला की 'साहेब जेवायला गेलेत', पुन्हा चुकला की 'दोन फोटो कमी पडले'. सगळं माझ्या दुकानात रोज ऐकलेलं. सर हरले. घड्याळ बघितलं आणि उठले.

"सर, आवडला न्हाई का?"

"सुनीताताई, गेम म्हणजे माणसानं दोन घटका सगळं विसरावं. हे तर माझं पेन्शनचं प्रकरण हाय!"

नापास.

पुढच्या वर्षी बनवला 'जिनिंग'. सेलूत राहून कापसाचा गेम नाही करायचा, तर काय करायचा? सोंगट्यांच्या जागी खरोखरचा कापूस ठेवला, छोटी छोटी बोंडं करून. प्रत्येकाची गंजी वेगळी. लाईट गेलेली होती, खिडकी बंद, डाव मस्त रंगात आला. सर सगळ्यात मागं होते. आणि नेमकी लाईट आली! पंखा पाचवर होता. गंज्या उठल्या त्या थेट छताला. महाराजांच्या शेंडीत कापूस, आपांच्या चष्म्यावर कापूस, चहात कापूस.

आपा वर बघून म्हणाल्या, "बाई गं, भाव लयच वर गेला!"

सर कापूस झटकत उठले आणि स्टेशनला निघाले. पुन्हा नापास!

माझं नशीब बघा. महाराज हरले तर मांडतात. आपा तर जिंकल्या तरी मांडतात. पण माझ्या गेममध्ये हरायचे ते नेमके भुजंग सर. आणि सर म्हणजे पॅसेंजर. पॅसेंजरची वेळ झाली की सर पाचव्या मिनिटाला जिन्यात! हरलेला डाव त्यांनी आजवर कधी पुन्हा मांडला नव्हता, कुणाचाच नाही.

"सर, एक दिवस गाडी सुटली तर काय बिघडंल?" मी एकदा चिडून विचारलं.

"मी नोकरीत एकबी लेटमार्क घेतलेला न्हाई," सर म्हणाले आणि गेले.

* * *

मग यंदाची संक्रांत आली.

यंदाचा गेम सुचला माहेरी जाताना. माझं माहेर पालम. परभणीच्या स्टँडवर पालमची गाडी लागली, आणि सगळं पब्लिक खिडक्यांकडं धावलं. कुणी रुमाल टाकला, कुणी टोपी, एकानं तर पायातली चप्पल! जागा धरायची म्हणून. मी उभी राहून बघत होते आणि उभीच राहिले, पालमपर्यंत. पण उतरले ती हसतच.

घरी येऊन पुठ्ठ्यावर लाल गाडी काढली. बाकं काढली. वरच्या कडेला परभणी ते पालम रस्ता, त्यावर सरकवायला एक छोटी गाडी. प्रत्येकाला रंगीत चिंध्यांचे रुमाल. फासा टाकायचा, खिडकीशी जायचं, रुमाल टाकायचा. पण तुमच्या रुमालाजवळ तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर दुसऱ्यानं तो उचलून बाजूला ठेवायचा. मधेच पत्ता निघतो 'म्हातारी चढली, जागा द्या'. मधेच 'सरका की जरा', मग तिघं एका बाकावर. परभणीहून निघालेली गाडी पालमला पोचेपर्यंत ज्याला जागा नाही, तो हरला.

गेमचं नाव 'रुमाल'.

स्पर्धेच्या दिवशी पाट रिकामा असतो, खिडकीखाली. मी त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसले, तोंड गच्च बंद. मनात एकच, कुणीबी हरू दे, फक्त सर नको.

डाव सुरू झाला. आपांनी पहिल्याच फटक्यात महाराजांचा रुमाल उचलून फेकला. महाराज ओरडले, "अहो, मी आलोच होतो की!" आपा म्हणाल्या, "आलोच होतो म्हणणारे सगळे उभेच असत्यात!" सरांना दोनदा जागा मिळाली आणि दोन्ही वेळेला म्हातारी चढली. गाडी पालमला पोचली. आपा बसलेल्या, महाराज बसलेले.

सर उभे.

मला तर रडूच आलं. सरांनी घड्याळ बघितलं. उठले, चप्पल घातली, जिना उतरायला लागले. मी पुढं होऊन रुमाल गोळा करायला हात घातला, तर आपांनी माझ्या हातावर चापट मारली. "हात लावायचा न्हाई! नियम हाय."

जिन्यात पाऊल वाजलं. सर परत आले होते.

"चष्म्याचं घर राहिलं," ते म्हणाले. उचललं. खिशात ठेवलं. पण गेले नाहीत. पटाकडं बघत राहिले, आणि आपल्याशीच बोलल्यागत म्हणाले, "कंडक्टरच्या मागची जागा आधी धरायला पायजे होती."

आणि बसले! पायात चप्पल तशीच, सतरंजीवर! एक एक रुमाल उचलून ज्याचा त्याच्यापुढं ठेवला, गाडी स्टँडला लावली, पत्ते पिसले. तिकडं स्टेशनात पॅसेंजरनं शिट्टी दिली. महाराजांनी सांगायला तोंड उघडलं, तर आपांनी त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की ते उघडंच राहिलं.

दुसरा डाव झाला. सर पुन्हा हरले! पुन्हा पालमपर्यंत उभे!

"सर," मी हळूच म्हणाले, "तुमची गाडी गेली की."

"एसटीनं जाईन."

ते उठले. खिशातनं स्वतःचा चौकटीचा रुमाल काढला, कपाळ पुसलं, नीट चौपदरी घडी घातली. दारापर्यंत गेले, तिथनं वळले, आणि नेम धरून तो रुमाल खोलीच्या या टोकाला फेकला. बरोबर पाटावर पडला.

"सुनीताताई," सर म्हणाले, "जागा धरलीय."

मी बघतच राहिले. तेवढ्यात आपा ओरडल्या, "अगं बघती काय येड्यागत? पळ, दुसरं कुणी बसंल!"