पाय धुऊन या

"अहो, पाय धुवायच्या कार्यक्रमाला येताना पाय धुऊन यायचे असतात."

चर्चच्या मागच्या नळावर, सगळ्यांसमोर, सेक्रेटरी मॅडम मला हे बोलल्या. कपडे घासायचा ब्रश हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. मी छत्तीस वर्षांची बाई खाली बसून टाचा घासत होते. रक्त आलं. भेगांतला काळेपणा निघेना. कसा निघेल? खराडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं संडास धुते मी. ॲसिडनं जळलेलं कातडं ब्रशनं उजळत नाही.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "शेवटच्या खुर्चीवर बसा. तिथे फोटो येत नाही."

गुड फ्रायडेचा आदला दिवस. येशूनं त्या संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमचे पाळकसाहेब दरवर्षी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी महापालिकेची निवडणूक होती. चर्चच्या नव्या हॉलची परवानगी तिथेच अडकली होती. म्हणून पाय धुणार होता उमेदवार. नम्रता त्याची दिसणार, त्यासाठी पाय आमचे. बाराही जण धायरीच्या आमच्या वस्तीतले. पहिल्या बाकावरच्या घराण्यांतलं, मॅडमच्या घरातलं, एकही पाऊल नाही.

मला मान वाटला होता, हे खोटं का सांगू? नवी साडी नेसून गेले होते.

उमेदवार आला. सोबत फोटोवाला आणि टॉवेल धरलेला एक माणूस. पहिल्या खुर्चीवर सायमनकाका. आमच्या कबरी खोदणारे, सत्तरीचे. उमेदवार गुडघ्यावर बसला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, हात पायाजवळ. हसू नका." फोटो नीट आला नाही, म्हणून काकांचे पाय पुसून परत ओले केले. काका हात जोडून बसलेले.

पुढच्या खुर्च्या भराभर झाल्या. फोटो काढून झाला होता, मग वाकतो कोण? माझ्यापर्यंत आला तेव्हा तो उभाच होता. तांब्या कमरेएवढा उंच धरला आणि वरून पाणी सोडलं. बोट लागू दिलं नाही. माझ्या टाचा बघून नाक आकसलं.

वरून पाणी. माझ्या आजोबांना गावात असंच पाणी द्यायचे. ओंजळ खाली, तांब्या वर. त्या ओंजळीला कंटाळून आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. आणि मी त्यांची नात, वेदीसमोर, तेच पाणी पायावर घेत होते.

"मतदार यादीत नाव आहे ना ताई?" उमेदवारानं विचारलं.

मी पाय मागे ओढला. पाणी त्याच्या बुटावर सांडलं.

"नाव आहे. पण हे पाणी नको मला."

पाळकसाहेब धावत आले. कानाशी म्हणाले, "ताई, नम्र व्हा. प्रभूसुद्धा नम्र झाला."

मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू स्वतः खाली बसला, पाळकसाहेब. तुम्ही आम्हाला बसवताय."

सायमनकाकांनी मान खाली घातली. त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. मी ओल्या पायांनी, चपला हातात घेऊन, मधल्या वाटेनं बाहेर आले.

उमेदवार निवडून आला. हॉल झाला. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव आहे, येशूच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मला शास्त्रवाचनाच्या पाळीतून काढलं. "अहंकार आलाय," असं मॅडम बायकांना सांगत होत्या.

वार्षिक सभेत मी उभी राहिले. ठराव मांडला, कुठल्याही पुढाऱ्याला वेदीसमोर उभं करायचं नाही. चार हात वर आले. त्यातला एक सायमनकाकांचा. बाकीचे सगळे छताकडे बघत होते.

बहीण म्हणते, दुसऱ्या चर्चला जा. मी जाणार नाही. मी गेले तर यांना रान मोकळं होईल. दर रविवारी येणार आणि पहिल्याच बाकावर बसणार. दर सभेत तोच ठराव मांडणार. चार हात तर चार. चारांचा एक झाला तरी तो माझा असेल, आणि तो खाली येणार नाही.