पंक्चरवाल्यानं काढलेला फोटो

डिसेंबरात आम्ही नवरा-बायको घाट उतरून कोकण फिरलो. परतताना गाडीत बोलणं रस्ता विचारण्यापुरतंच उरलं होतं. लातूर सोडलं आणि टायर बसलं.

पंक्चरवाला म्हातारा होता. टायर झाल्यावर वॉल्व्हला बोटानं थुंकी लावून बुडबुडा येतो का, ते तो बराच वेळ बघत बसला. हिनं त्याला मोबाइलवर घाट, समुद्र दाखवला. हात काळे म्हणून फोनला न शिवता त्यानं सगळे फोटो पाहिले.

"दर्या लई भारी हाय, ताई. पण तुमी दोघं एकत्र कुठंच न्हाई?"

त्यानं हात पुसून फोन मागितला.

"जरा जवळ सरका की."

सरकलो.

आठ दिवसांतला आमचा दोघांचा तेवढाच फोटो. मागे जुन्या टायरांचा ढीग, कोपऱ्यात त्याचा अंगठा.