दुकानाला कुलूप असताना

फेरो बेटांवरच्या त्या गावात मार्युनचं लोकरीचं दुकान घराच्याच खालच्या मजल्यावर होतं. बंदरात प्रवासी जहाज लागलं की पाहुणे येत आणि स्वेटर हातात घेऊनच वायफाय मागत. पासवर्डची चिठ्ठी भिंतीवर होती. तो मुलानं, हेरीनं, सहा वर्षांपूर्वी ठेवलेला: ग्राणी. घरात बाटलीच्या दुधावर वाढवलेल्या पोरक्या कोकराचं नाव.

गेल्या वर्षी बँकेचं पत्र आलं, कार्डाचं यंत्र आणि गिऱ्हाइकांचं वायफाय एकाच जोडणीवर चालणार नाही. म्हणून शेजारचा हानुस आला. जन्मभर जहाजावर रेडिओ सांभाळलेला माणूस.

“अगं मार्युन, तुझ्या गल्ल्याचं दार तू गावाला सताड उघडं ठेवलंयस.”

“मग? गाव काय चोर आहे?”

“गाव नाही. पण माझी बायको आहे ना गावात.”

मार्युन हसली. त्याच्यासाठी रुबार्बचा केक कापू लागली. हानुस वायफायच्या यंत्रात आजवर जोडल्या गेलेल्या फोनांची यादी वाचत होता.

“हे पुसून कोरं करतो. आधी ओळखीचं कोणी आहे का बघ. हा हेरीचा फोन. शेवटचा जोडला गेलाय दोन वर्षांपूर्वी, चौदा मार्च, दुपारी बारा वीस.”

मार्युनची सुरी थांबली. त्या वेळी चर्चमध्ये तिच्या नवऱ्याची, सोफुसची, शेवटची प्रार्थना चालू होती. सगळं गाव तिथं. दुकानाला कुलूप.

“फोन आपोआप जोडला जातो?”

“दाराशी आला की. बाहेरच्या बाकापर्यंत पोचतं हे.”

मेंढ्या सोडून हेरी डेन्मार्कला निघाला, तेव्हा सोफुसनं बजावलं होतं, माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस. पोरानं बाप गेल्यावरही तो शब्द पाळला, बाहेरच्या बाहेर परत गेला. आणि ती गावभर सांगत राहिली, बापाच्या मातीलाही आला नाही. त्याची तीन पत्रं तिनं न उघडता परत धाडली. चौथं आलंच नाही. नंबरही आता लागत नव्हता.

यादी पुसण्याआधी तिनं प्रार्थनेच्या पुस्तकात, सोफुसच्या नावाखाली, ती तारीख नि वेळ लिहून घेतली.

कार्डाच्या यंत्राला वेगळी जोडणी मिळाली, लांबलचक पासवर्डची. “आता गिऱ्हाइकांच्या वायफायला नवीन नाव काय देऊ?”

“नाव, पासवर्ड, दोन्ही जुनंच राहू दे.”

हानुसनं तिच्याकडे पाहिलं. “राहू दे. गल्ल्यापर्यंत आता ते पोचत नाही. फक्त दुकान बंद झालं की हेही बंद होईल, असं लावतो.”

“नको,” मार्युन म्हणाली. “तो दुकान बंद असतानाच आला होता.”

हानुसनं ते रात्रंदिवस चालू राहील असं लावलं. केक संपवला, हत्यारं गोळा केली.

त्याला वर्ष झालं. दर रविवारी चर्चहून आली की मार्युन अंगातला कोटही न काढता यादी उघडते. सगळे परके फोन. ज्याला त्याला देव सुखरूप घरी नेवो, असं एकेक नाव वाचून म्हणते. हेरीचं नाव अजून त्यात आलेलं नाही.