लहान आठ, मोठा आठ

लोणी देवकरच्या कारखान्यातून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बारामतीला घरी बसलो. पहिल्याच आठवड्यात बायकोनं बजावलं, "माझ्या स्वयंपाकघरात सारखं डोकावायचं नाही." माझ्या मते मी डोकावत नव्हतो, पाहणी करत होतो. उभी नोकरी डिस्पॅचला गेलेली. खोकं, बरणी, झाकण, चिकटपट्टी असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. तिच्या डब्यांवर मी आतल्या जिनसांची नावं छापून चिकटवायला सुरुवात केली. हळदीच्या डब्यावर 'हळद' असं चिकटवलं, तेव्हा तिनं झाकण उघडून डबा माझ्या नाकासमोर धरला. "हे पिवळं काय आहे ते न वाचता कळत नाही का तुम्हाला?"

त्याच सुमाराला ती मेणबत्त्या करायला शिकली होती. गल्लीतल्या बायकांनी मिळून कुणा बाईंकडे शिकवणी लावली होती, त्यात ही गेली आणि हिचा हात चांगला बसला. काचेच्या बरणीत ओतलेल्या, वासाच्या मेणबत्त्या. मोगरा, चंदन, आणि एक कसलासा लिंबासारखा वास, जो आला की मला भांडी घासायची आठवण व्हायची. दिवाळीत शेजारपाजारच्यांनी बऱ्याच नेल्या.

सणसरला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. घरचा ऊस, मोठी भावकी. ती दिवाळीला आली, एकेक बरणी उघडून वास घेत बसली आणि तिथंच तिनं ठरवून टाकलं.

"वहिनी, औंदा संक्रांतीला माझं वाण ह्योच. प्लास्टिकच्या वाट्या वाटून वाटून कटाळा आलाय. माझ्या वाट्या तिच्या घरी, तिच्या माझ्या घरी. ही काचंची बरणी कुणाकडं न्हाय."

बायको हो म्हणाली. मेण, वात, वास सगळं तिच्या ओळखीच्या दुकानात मिळत होतं. तिनं बरण्याही तिथूनच घेतल्या असत्या. पण मी मधे तोंड घातलं. "बरण्या मी मागवतो. पॅकिंगमधलं मला कळतं." मला कुणी विचारलं नव्हतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

मोबाईलवर तासभर घालवून मी एक बरणी पसंत केली. जाड बुडाची, वर पत्र्याचं झाकण. खाली इंग्रजीत आठचा आकडा आणि त्याच्यापुढं ओ आणि झेड. बायकोनं चष्मा लावून पाहिलं.

"आठ ओझ? कसलं ओझं आहे हे?"

"ओझ नाही, औंस."

"म्हणजे किती?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. कारखान्यात सगळा माल किलोत जायचा. मी मोबाईल जरासा बाजूला धरून शोधलं आणि म्हणालो, "साधारण पावशेर."

"मग पावशेर असं लिहायला काय होतं त्यांना?" असं म्हणून ती कामाला लागली.

बरण्या आल्या. फारच छान होत्या. तिनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात लहान पातेलं ठेवलं, मेण वितळवलं, वास मिसळला, वाती मधोमध धरून बरण्या भरल्या. मी माझं काम केलं. सोनेरी कागदावर लेबलं छापून प्रत्येक झाकणावर लावली. 'हाताने बनवलेली सुगंधी मेणबत्ती', आणि खाली ठसठशीत, मराठी आकड्यात, '८ औंस'. बायको म्हणाली, "माप कशाला लिहायचं? वाण आहे, दुकान नाही." मी तिला समजावलं की लेबलावर माप नसेल तर माल अपुरा वाटतो. एरवी कुणाला आकडा कळलाही नसता. तो मी स्वतः, पदरचा कागद घालून, सगळ्यांना वाचता येईल असा लावला.

खोकी भरून मी सणसरला पोचती केली. बहीण खूश झाली. परत आलो, दोन दिवसांनी तिचा फोन. भावकीतल्या आणखी काही बायकांना आमंत्रण गेलं होतं, शाळेतल्या बाई येणार होत्या, आणि कन्हेरीहून तिच्या जावेच्या माहेरची मंडळीही येणार होती. बरण्या कमी पडणार.

आधीच्या दुकानदाराकडं माल संपला होता. मी दुसरा शोधला. चित्र तसंच, झाकण तसंच, आणि खाली तेच आठ औंस.

"आधीच्यासारख्याच आहेत ना?" बायकोनं विचारलं. "त्यातली एक ठेवून घ्यायला हवी होती, ताडून बघायला."

"आठ म्हणजे आठ," मी म्हणालो. "बारामतीत आठ आणि सणसरला नऊ असं असतं का कुठं?"

दुसऱ्या बरण्या आल्या. तिनं पुन्हा त्याच हिशेबानं मेण वितळवलं, आणि सगळ्या बरण्या भरून झाल्या तरी पातेल्यात भरपूर मेण उरलं. ती पातेल्याकडं बघत राहिली.

"उरलं कसं?"

मी म्हणालो, आणि हे वाक्य मी आजही कधी आंघोळ करताना आठवून चरफडतो, "आता तुझा हात बसला. आधी सांडत असशील."

"मी सांडत नव्हते," ती एवढंच म्हणाली. उरलेलं मेण तिनं स्टीलच्या वाट्यांत ओतलं आणि वात लावायचीही तसदी घेतली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बारीक वाटतायत बरण्या."

"नवीन आहेत म्हणून," मी म्हणालो. काय अर्थ होता त्याचा, कोण जाणे.

हळदीकुंकवाच्या दिवशी आम्ही दुपारीच सणसरला पोचलो. मी दाजींबरोबर बाहेर ओट्यावर बसलो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, दाजी प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात करत होते. आत बायका जमत होत्या. अत्तर, तिळगूळ, हसणं, बांगड्यांचे आवाज. मधूनच "अगं बाई, वास किती ग्वाड!" असं ऐकू येई आणि मी दाजींकडं असा बघे की जणू मोगरा मीच फुलवला होता.

बहिणीनं आधी घरातलं खोकं फोडलं. ते संपल्यावर आम्ही आणलेलं. आणि मग आतला आवाज हळूहळू बसत गेला. लग्नात जेवण कमी पडल्याची कुजबुज पसरते ना, तसा.

बहिणीच्या एक चुलत सासूबाई आहेत. भावकीत सगळ्यांत वडील, सगळे त्यांना आक्का म्हणतात. आवाज असा की शेताच्या ह्या बांधावरनं त्या बांधावर जातो. तो आवाज आला.

"ह्येच्यावर आठ लिव्हलंय. माझ्या सुनंच्या बरणीवर बी आठच लिव्हलंय. मग माझं आठ धाकलं कसं गं?"

कुणीतरी खुसकन हसलं. दाजी ट्रॅक्टरला हात करायचे थांबले. सासूला लहान आणि सुनेला मोठी बरणी! बहिणीनं मुद्दाम केलं असतं तरी एवढं नेमकं जमलं नसतं.

"दादा!" बहिणीची हाक आली. "जरा आत ये."

हळदीकुंकवाला बाप्याला आत बोलावतात, असं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो. अख्खा सोपा भरून बायका, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक बरणी, आणि आक्कांसमोर दोन शेजारी शेजारी. आता मला दिसलं. फरक थोडाथोडका नव्हता. एक म्हैस आणि तिचं रेडकू उभं करावं, असा होता. बायको भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

गप्प राहून माफी मागितली असती तर तिथंच मिटलं असतं. पण मी समजावून सांगायला लागलो.

"त्याचं काय आहे आक्का, औंस हे इंग्रजांचं माप आहे."

"इंग्रज गेला न्हवं कवाच?"

"गेला, पण माप राहिलं. दोन्हीत आठच आहे. दिसायला फक्त आकार वेगळा. एक उभट, एक पसरट."

"दोनी उभटच हायत्या," सून म्हणाली. तिला माझी दया येत असावी, कारण ती हळू बोलली.

मला पुरावा द्यायची लहर आली. माझ्या पिशवीत दुसऱ्या खेपेतली, झाकण वाकडं निघालं म्हणून न भरलेली एक रिकामी बरणी होती. पहिल्या खेपेतली एक मेणबत्ती बहिणीनं आधीच जाळून संपवली होती आणि तिच्या बरणीत बडीशेप भरली होती. मी ती बडीशेप ताटलीत ओतायला लावली, पाण्याचा तांब्या मागितला, आणि सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसलो.

"आता बघा. ह्यातलं पाणी त्यात बरोबर बसेल."

लहान बरणी मी काठोकाठ भरली आणि मोठीत ओतली. पाणी मोठीच्या खांद्याच्याही खाली राहिलं. मी बरणी हलवून पाहिली, जणू पाणी कुठं अडकलंय. मग पुन्हा एकदा पाहिली.

"बसलं की," आक्का म्हणाल्या. "खाली बसलं."

सगळा सोपा हसला. शाळेतल्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. जिचा कुणाकडं पुरावा नव्हता ती गोष्ट मी स्वतः, तांब्याभर पाणी आणवून, सिद्ध करून दिली होती. माझी पँटही भिजली होती.

बायको तेव्हा पुढं आली. ती आक्कांना म्हणाली, "चूक झाली. दोन ठिकाणच्या बरण्या आल्या आणि आम्ही शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. ज्यांना मोठी हवी त्यांना मी आणून देईन."

ती 'आम्ही' म्हणाली. मी मान वर करून तिच्याकडं बघितलं, पण कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. कारण कन्हेरीच्या एका बाईचं लक्ष ताटलीतल्या बडीशेपेकडं गेलं होतं.

"ही बडीशेप त्या बरणीतच व्हती व्हय? मेण समदं निघतं का?"

"निघतं की," बायको म्हणाली. "बरणी गरम पाण्यात ठेवायची, वासही जातो."

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एकदम सगळ्या बोलायला लागल्या. मोठीत लोणचं राहील. मोठीत शेंगदाण्याची चटणी राहील. लहान हिंगाला बरी. लहान देवाजवळ तेलाला. आक्कांनी आपली बरणी हातात घेतली, झाकण लावून पाहिलं, उघडून पाहिलं.

"माझ्या मिश्रीला हीच बेस. मोठी काय करू? उशाला मावाया नगं?"

मग अदलाबदल सुरू झाली. बरण्या ह्या मांडीवरून त्या मांडीवर गेल्या. दोघीतिघींनी मोठी देऊन लहान घेतली. मेणबत्तीबद्दल, तिच्या वासाबद्दल, माझ्या सोनेरी लेबलाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. एका बाईनं तर तिथंच नखानं लेबल खरवडायला घेतलं. मी मधोमध ओल्या पँटनं बसून होतो. बहीण माझ्या डोक्यावरून वाण पुढं देत म्हणाली, "दादा, तुझं झालं असंल तर भाईर बस."

परतताना पुढं उसाची ट्रॉली कलंडली होती, रस्ता अडला होता. गाडी उभी करून मी मोबाईल काढला आणि दोन्ही दुकानदारांचं बारीक अक्षरातलं वाचलं. पहिल्याचे आठ औंस म्हणजे त्या बरणीत आठ औंस वजनाचं मेण घालून वर हवी तेवढी जागा राहते. दुसऱ्याचे आठ औंस म्हणजे काठोकाठ पाणी. आणि पाण्यापेक्षा मेण हलकं, शिवाय मेण काही काठापर्यंत भरत नाहीत. म्हणून पहिली बरणी मोठी. मला केवढा आनंद झाला! मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. "म्हणजे बघ, दोघंही खरंच बोलत होते."

"म्हणजे चूक कुणाचीच नाही?"

"नाही."

"मग ते पाणी ओतून कोण दाखवत होतं?"

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की पुढच्या ट्रॉलीवाल्यानं वळून पाहिलं. मीही हसलो, पण जरा उशिरा. मग म्हणालो, "तू सांडत नव्हतीस." ती म्हणाली, "ते मला माहीत होतं."

आता बरण्या ती स्वतः आणते. बारामतीतच, भांड्यांच्या दुकानातून. बरोबर घरचा स्टीलचा पेला असतो. दुकानात पाणी मागून घेते, पेल्यानं बरणी भरून बघते, मग दुसरी, मग तिसरी. दुकानदार पहिल्यांदा वैतागला होता. आता ती दिसली की तो आपणहून तांब्या पुढं करतो. मी पिशवी धरून दाराशी उभा असतो. परवा त्यानं मला विचारलं, "साहेब, तुम्ही पण ह्याच धंद्यात का?"

मी उत्तर द्यायच्या आत ती आतून म्हणाली, "नाही, ते गाडी चालवतात."