न हलणारा पेशंट

सुखीबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. घाटंजीजवळच्या त्या तांड्यावर तेव्हा कोंबडेही झोपलेले असत. स्वयंपाक, पाणी, बकऱ्या उरकून ती जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढायला जाई. नवरा पूनमसिंग तिला जाताना बघायला कधी उठला नाही. तो जेवायला उठे आणि जेवला की निंबाखालच्या बाजेवर पुन्हा आडवा होई.

लेक शीला यवतमाळला नर्सिंग शिकत होती. प्रॅक्टिकलमध्ये एकदा नापास झाली. काम येत होतं, पण प्रत्येक गोष्टीआधी ती मॅडमच्या तोंडाकडे बघे. मॅडम म्हणाल्या, "वॉर्डात मी नसेन. तुझी चूक तूच शोधायला शीक." पुन्हा नापास झाली तर वर्ष जाणार होतं. म्हणजे फीसाठी सुखीबाईने हंगामभर ओढलेला कापूसही.

काम होतं पेशंटला न उठवता अंगाखालची चादर बदलण्याचं. रविवारी शीलाने आईला घरातल्या बाजेवर निजवलं. कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीपाशी गुंडाळली, नवी अंथरली, परत वळवलं. झटक्यात झालं.

सुखीबाई खूश झाली. शीला झाली नाही. दुसऱ्या खेपेला तिने आईच्या कमरेखाली हात घातला.

"याडी, तू अंग उचलून राह्यली."

"मी कायले उचलू?"

"मंग हे काय? पेशंट हायेस तू. पडून राह्य."

सुखीबाईने खूप प्रयत्न केला. पण चादर अडली की तिची कंबर आपोआप वर होई. तिसऱ्या खेपेला ती उठलीच, चादर झटकून अंथरली आणि पुन्हा येऊन निजली.

"मले नाही जमत," ती म्हणाली. "धडधाकट असून दुसऱ्याले ओढू द्याचं, लाज वाटते."

शीलाने बाहेर पाहिलं. निंबाखाली घोरणं चालू होतं.

"बापू," ती म्हणाली.

"त्याले उठवता उठवता दिवस जाईन, पोरी."

"उठवाचंच नाही ना."

तांड्यावर पूनमसिंगच्या झोपेला पहिल्यांदाच काम मिळालं. शीलाने त्याला वळवलं. तो वळला तो थेट पलीकडे, बकऱ्यांच्या चाऱ्याच्या टोपल्यात. डोळे न उघडता म्हणाला, "घाटंजी आली का?"

दोघींनी त्याला परत बाजेवर टाकलं. चूक शोधत शीला बाजेभोवती फिरली. मग आतून गोधडी आणली, गुंडाळी करून पलीकडच्या कडेला लावली. त्याचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवला आणि वळवलं. पूनमसिंग गोधडीला टेकून घोरत राहिला. चादर बदलली गेली.

नंतरचे सगळे रविवार त्याने इमानाने झोपून काढले.

परीक्षेत पेशंट म्हणून एक जाडजूड मावशी होत्या, मुद्दाम अंग टाकून दिलेल्या. शीलाने मॅडमकडे एकदाही पाहिलं नाही. कडेला उशी लावायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. पास झाल्याचं कळवायला तिने आईला थेट जिनिंगात फोन केला.

"आता तुह्या बापाले सांग," सुखीबाई म्हणाली, "मेहनतीचं फळ भेटलं म्हणून."

हंगाम संपला तेव्हा सुखीबाईने आपल्या मजुरीतून लोखंडी पलंग घेतला, स्वतःला पाठ टेकायला. त्यावर पूनमसिंग झोपतो. सुखीबाई चारला उठते, त्याला कुशीवर वळवते, अंगाखालची चादर काढते आणि धुवायला टाकते. तो जागा होत नाही.